पाढ्यांचे ऋण : शालेय शिक्षणमंत्र्यांस खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई,
यांस,

पत्रास कारण की, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून तेहतीस वर्षे अध्यापन करून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेला, आपल्या खात्याच्या दप्तरात कदाचित क्षुल्लक म्हणून नोंदली जाईल अशी एक बाब आपल्या कानांवर घालावयाची आहे. ती बाब पाढ्यांची आहे. मुलांना पाढे पाठ असावेत की नसावेत, असावेत तर ते कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने करून घ्यावेत, या प्रश्नांची आपल्या शाळांत गेली वीस वर्षे जी हेळसांड झाली ती मी जवळून पाहिली आहे. काही काळ तीत मीही सामील होते, आणि म्हणूनच हा अर्ज खात्याच्या टपालातून न पाठविता, ज्यांची मुले या शाळांत शिकतात त्या सर्वांच्या समक्ष आपणांस लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. निवृत्तीनंतरही वर्गाची ओढ सुटत नसल्यामुळे मी आठवड्यातून दोन दिवस जवळच्या एका खेड्यातील शाळेत मुलांचे गणित घेण्यास जाते. पाचवीच्या वर्गात फळ्यावर ३९२ भागिले ७ असा भागाकार दिला होता आणि पहिल्या बाकावरील एका मुलीच्या शेजारी मी बसले होते. भाज्य, भाजक, रेघ, सर्व तिने नीट मांडले. तिनात सात जात नाहीत म्हणून एकोणचाळीस घ्यावयाचे, हेही तिला कोणी सांगावे लागले नाही. एकोणचाळिसात सात किती वेळा जातात हे पाहण्यासाठी तिने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत ‘सात एके सात’पासून प्रारंभ केला, बोटांची पेरे मोजीत ती ‘सात सक बेचाळीस’पर्यंत गेली, बेचाळीस मोठे झाले हे ओळखून एक पायरी मागे आली, पाच हा अंक वर लिहिला, पस्तीस वजा केले, चार उरले, दोन खाली उतरविला, आणि बेचाळीस झाले. वास्तविक बेचाळीस हा शब्द तिने क्षणापूर्वीच उच्चारला होता. तरीही ती पुन्हा ‘सात एके सात’पासून निघाली; चौथ्या पायरीवर मागच्या बाकावरच्या मुलाने तिच्याकडे खोडरबर मागितले, मोजलेली पेरे हरवली, आणि माझ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, “बाई, मी कुठे होते?”

ही मुलगी मंद नव्हती, आळशी तर मुळीच नव्हती, आणि भागाकाराची रीत तिला पूर्ण अवगत होती. सातचा पाढाही तिला ‘येत होता’, कारण कोणीही म्हणावयास सांगितला असता तर तिने तो एका दमात, चुकी न करता म्हणून दाखविला असता. परंतु पाढा म्हणता येणे आणि पाढा येणे यांत फार मोठे अंतर आहे. तिचा पाढा म्हणजे एक शिडी होती, जिच्या सहाव्या पायरीवर जाण्यासाठी तिला प्रत्येक वेळी जमिनीवरूनच चढावे लागत होते, आणि भागाकारासारख्या उदाहरणात, जेथे अशा शिडीवर चार-पाच वेळा जावे-यावे लागते, तेथे हातातले मूळ काम कोठे ठेवले होते याचाच विसर पडावा हे स्वाभाविक होते. ‘असर’च्या २०२४ सालच्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुले ३०.७ टक्के आढळली, आणि तिसरीत हातच्याची वजाबाकी करू शकणारी ३३.७ टक्के. हे आकडे आपण निश्चितच वाचले असतील. त्यांच्यामागे कारणे पुष्कळ आहेत, परंतु त्या आकड्यांतले एक मूल कसे अडते हे पाहावयाचे असेल, तर ते मी वर वर्णिल्याप्रमाणे अडते.

माझ्या पिढीचे पाढे ज्या रीतीने झाले तिचे गुणगान करावे असा माझा हेतू नाही. दिवेलागणीला हातपाय धुऊन देवापुढे बसावे, शुभंकरोती व्हावी, आणि त्यापाठोपाठ परवचा सुरू व्हावा, हा त्या काळी अनेक घरांतला नित्यक्रम होता. आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तर पूर्णांकांच्या पाढ्यांखेरीज पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकीसुद्धा असे. यांपैकी बराच भाग त्या काळच्या बाजाराने निर्माण केला होता. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, शेर, पावशेर आणि नवटाक यांच्या व्यवहारात पाऊण आणि सव्वा यांचे गुणाकार क्षणोक्षणी लागत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आणि मीटर आले, आणि औटकीचे प्रयोजन संपले; ती गेली याचे मला दुःख नाही. पाठांतर व्यवहाराच्या गरजेनुसार बदलते, हे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही दिसते. ११५० साली रचलेल्या त्या ग्रंथाच्या आरंभीच वीस वराटकांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क अशी परिमाणे पद्यात बांधून दिलेली आहेत, ती शिष्याने प्रथम मुखोद्गत करावीत आणि मगच गणितात शिरावे म्हणून. ते द्रम्म आणि निष्क लोपले. पण सात आठे छप्पन्न हे कोणत्याही टांकसाळीवर अवलंबून नाही. ते भास्कराचार्यांच्या काळी छप्पन्न होते आणि आजही तितकेच आहे.

त्या जुन्या रीतीत दोन मोठे दोष होते, आणि ते मी स्वतः भोगले आहेत. पहिला असा की अर्थाचा पत्ता नसताना आम्ही ध्वनी पाठ केले. ‘सोळा साते बारोदरसे’ ही ओळ मी तिसरीत असताना इतक्या सफाईने म्हणत असे की घरी आलेल्या पाहुण्यांपुढे ती मला म्हणावयास लावीत. आणि ‘बारोदरसे’ म्हणजे बारा अधिक शंभर, एकशेबारा, हे मला सातवीत गेल्यावर, तेही योगायोगाने, समजले. मधली चार वर्षे तो माझ्यालेखी मंत्रातल्या बीजाक्षरासारखा निरर्थक पवित्र ध्वनी होता. दुसरा दोष भयाचा. ज्या शाळेत मी शिकले तेथे सतराच्या पाढ्यात अडखळणाऱ्याच्या तळहातावर छडी पडत असे, आणि माझ्या शेजारी बसणारा एक मुलगा, जो गावच्या बाजारात वडिलांच्या दुकानी बसून गिऱ्हाइकांचा हिशेब तोंडी करीत असे, तो वर्गात उभा राहिला की ‘सतरा दुणे’च्या पुढे जाऊ शकत नसे. घरी जे त्याला येत होते ते वर्गात भयाने गिळले. पाठांतराचा पुरस्कार करताना ही दोन स्मरणे मी सतत समोर ठेवते, आणि तीच आपणही ठेवावीत.

या दोषांविरुद्ध जी प्रतिक्रिया आली ती न्याय्यच होती. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टीपासून शिक्षण मुक्त व्हावे हे तत्त्व मांडले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. आपल्या राज्यात २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमानंतर ज्ञानरचनावाद हा शब्द तालुक्या-तालुक्यांतील शाळांत पोहोचला. वर्गात मण्यांच्या माळा आल्या, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आले, जमिनीवर रंगाने संख्यारेषा आखल्या गेल्या, आणि पहिलीच्या मुलांना दशक म्हणजे काय हे हातांनी कळू लागले. याचा मला अतिशय आनंद झाला होता, आजही आहे. परंतु या उत्साहाच्या भरात, कोणीही तसे लेखी फर्मान काढले नसताना, पाठांतर हेच कमीपणाचे आहे असा समज आमच्यात पसरला. शाळेची तपासणी करण्यास साहेब आले म्हणजे भिंतीवरचे पाढ्यांचे तक्ते मागे सरकवून ठेवणाऱ्यांत मीसुद्धा होते. मूल समजून शिकले की पाठ आपोआप होईल, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. आणि ज्या मुलांचे आपोआप झाले नाही त्यांचे पुढे काय झाले हे पाहण्यास चौथीनंतर ती मुले आमच्या वर्गात उरत नसत.

समजणे आणि स्मरणे ही परस्परविरोधी नाहीत, हे मला उशिरा का होईना उमगले. मनुष्याचे मन एका वेळी थोड्याच गोष्टी हाती धरू शकते; जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली ही मर्यादा सात बाबींच्या आसपास असल्याचे मांडले, आणि पुढील संशोधकांनी ती त्याहूनही कमी असल्याचे दाखविले. भागाकार करणाऱ्या मुलाने भाजक, उरलेली बाकी, पुढचा उतरवावयाचा अंक आणि उत्तरातील स्थान इतके मनात धरलेले असतानाच त्यास सातांच्या उड्या मोजावयास लावणे, म्हणजे दोन्ही हातांत भरलेल्या घागरी असलेल्या बाईला कडी काढून दार उघडण्यास सांगण्यासारखे आहे. सात सक बेचाळीस हे तत्क्षणी आठवले की एक हात मोकळा होतो, आणि त्या मोकळ्या हातानेच ते मूल विचार करू शकते. किंबहुना संख्यांशी जिव्हाळ्याची ओळख असल्यावाचून संख्यांशी खेळणे शक्य नाही. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर मास्तरकी केलेले द. रा. कापरेकर यांना ६१७४ या संख्येचा चमत्कार दिसला. कोणतेही चार अंक, सर्व सारखे नसलेले, घ्यावेत, ते उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि हाच क्रम पुन्हा पुन्हा चालविला की शेवटी ६१७४ हाती येते व तेथेच स्थिरावते, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. हे ज्याला दिसले त्याला वजाबाकीसाठी बोटांची पेरे मोजावी लागत नव्हती, हे निराळे सांगावयास नको.

आता पाठांतर करावयाचे ते किती, हा प्रश्न. पालक ‘तीसपर्यंत पाढे’ म्हणतात आणि त्या डोंगराकडे पाहूनच मूल खचते. माझे मत स्पष्ट आहे : चौथीच्या अखेरीस दहापर्यंतचे पाढे असे पक्के व्हावेत की मधला कोणताही गुणाकार विचारताच उत्तर यावे, अकरा ते वीस पुढे आनंदाने करावेत, एकवीस ते तीस यांचा आग्रह कोणीही धरू नये. आणि दहापर्यंतच्या पाढ्यांचाही हिशेब मुलांसमोर एकदा मांडावा. दहा पाढ्यांच्या दहा-दहा ओळी म्हणजे १०० ओळी. एकाचा आणि दहाचा पाढा, तसेच प्रत्येक पाढ्यातील ‘एके’ आणि ‘दाहे’ या ओळी शिकाव्या लागत नाहीत. त्या काढल्या की ६४ उरतात. ‘तीन चोक बारा’ आणि ‘चार त्रिक बारा’ या दोन ओळी एकच गोष्ट सांगतात. अशा जोड्या एकत्र केल्या की ३६ राहतात. दोनाचा पाढा म्हणजे दुप्पट, तो मुलांना गोट्या आणि चिंचोके वाटून घेतानाच येतो; त्याच्या आठ जोड्या वगळल्या. पाचाच्या पाढ्याला घड्याळाचा आणि नोटांचा आधार आहे. त्याच्या सात गेल्या. नवाच्या पाढ्यात दशकाचा अंक एकेक चढतो, एककाचा एकेक उतरतो आणि दोहोंची बेरीज नऊ भरते. त्याच्या सहा गेल्या. उरल्या फक्त १५. ‘तीन त्रिक नऊ’पासून ‘आठ आठे चौसष्ट’पर्यंतच्या या पंधरा जोड्या मी दरवर्षी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवीत असे आणि वर्गाला म्हणत असे, आपली लढाई एवढ्यांशीच आहे. मुलांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो फरक पडतो तो आपण एकदा वर्गात येऊन पाहावा.

यातली ‘तीन चोक’ आणि ‘चार त्रिक’ यांची गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. मराठी पाढ्यांची भाषा अतिशय नादमधुर आहे. दुणे, त्रिक, चोक, सक या गुणकांच्या निराळ्या नावांमुळे प्रत्येक ओळीला स्वतःचा ताल मिळतो आणि ती ओळ जिभेवर लवकर बसते. पण याच गुणामुळे ‘तीन चोक’ आणि ‘चार त्रिक’ हे एकच आहेत हे कानाला कधीच कळत नाही. ते डोळ्यांनी पाहावे लागते. चौकटीच्या वहीत तीन ओळींत चार-चार घरे रंगवून, मग वही आडवी फिरवून दाखविली की चार ओळींत तीन-तीन घरे दिसतात. दुसरीतल्या एका मुलाने ती वही चार वेळा फिरवून पाहिली आणि मग शेजाऱ्याला सांगितले, “अरे, घरं तेवढीच आहेत!” पाठांतराच्या आधी समज यावी असे मी म्हणते ते अशा प्रसंगांसाठी. त्याच्याही आधी, पहिली-दुसरीत, दहाच्या जोड्या पक्क्या झाल्या पाहिजेत, म्हणजे आठ आणि सात विचारल्यावर मूल बोटे न उघडता आठाला सातातले दोन देऊन दहा करील आणि उरलेले पाच मिळवून पंधरा सांगेल.

मराठीच्या संख्यानामांची अडचणही येथे येते. ‘सात नवे त्रेसष्ट’ असे बिनचूक म्हणणारे मूल पाटीवर ३६ लिहिते, कारण त्याच्या कानावर ‘त्रे’ आधी पडतो आणि ‘सष्ट’ मागून. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात जोडशब्दांच्या बरोबर ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची सोपी रीत दिली गेली तेव्हा केवढे वादंग माजले होते, ते आपणांस आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू शांतपणे मांडली. आज त्या आपल्यात नाहीत. त्या रीतीविषयी मतभेद असू शकतील. मला स्वतःला ‘त्रेसष्ट’ हा शब्द गमवावा असे वाटत नाही. परंतु मराठी मुलावर इतर काही भाषांतील मुलांपेक्षा एक अधिक भार आहे, हे त्यांनी जाहीरपणे मांडले, आणि त्या वादाच्या धुरळ्यात तेवढे सत्य बाजूला पडले. म्हणून पाढा तोंडी झाल्याबरोबर त्याचे उत्तर अंकांत लिहवून घेणे हे आपल्या वर्गात अनिवार्य आहे.

सध्या शाळेत पाढे होतात ते बहुधा परिपाठात. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि त्यानंतर एक मूल पुढे येऊन पाढा सांगते, बाकीचे मागून म्हणतात. हा प्रकार ऐकावयास गोड असतो, पण ज्याला येत नाही ते मूलही त्या समूहस्वरात ओठ हलविते, आणि ज्याला येते त्याचीही शिडीच पक्की होते. मी हळूहळू जी रीत पत्करली ती अशी. वर्गातील प्रत्येकाच्या हाती पाटी. मी ‘सहा आठे’ एवढेच म्हणणार, दोन-तीन श्वास थांबणार, सर्वांनी उत्तर लिहून पाटी उलटी छातीशी धरावयाची आणि ‘दाखवा’ म्हटल्यावर एकदम वर करावयाची. सर्वांच्या पाट्या एकाच क्षणी वर येत असल्याने चुकलेले मूल कोणाच्या नजरेत भरत नाही, पण माझ्या नजरेतून सुटत नाही. प्रश्न क्रमाने कधीच विचारावयाचे नाहीत; तीन-चार येणारे आणि एखादा नवा असे मिसळून विचारावयाचे. चुकले तर नाव न घेता बरोबर उत्तर तत्काळ सांगावयाचे, दोन प्रश्नांनंतर तेच पुन्हा विचारावयाचे, उद्या विचारावयाचे, चार दिवसांनी विचारावयाचे, आणि पुढच्या आठवड्यात, ते विसरण्याच्या बेतात असताना, पुन्हा विचारावयाचे. पाढ्याबरोबरच त्याची उलट बाजूही घ्यावयाची : छप्पन्नात आठ किती वेळा, बेचाळिसाचे सात भाग केले तर एक केवढा. एखादे उत्तर आठवेनासे झाले तर जवळच्या आठवणीवरून तेथे कसे जावे हेही शिकवावयाचे. चार साते अठ्ठावीस आठवले की त्याची दुप्पट छप्पन्न, म्हणजे आठ साते. या साऱ्याला रोज दहा मिनिटे पुरतात. अर्धा तास घेतला तर मुले कंटाळतात, आणि आठवड्यातून एकदाच तासभर घेतला तर तो व्यर्थ जातो.

या रीतीमागे विद्वानांचे प्रयोग आहेत हे मला नंतर वाचनातून कळले. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली, निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, मनुष्य किती त्वरेने विसरतो आणि अंतराअंतराने केलेली उजळणी किती अधिक टिकते हे दाखविले. अमेरिकेत रोएडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली असे सिद्ध केले की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहण्याचा प्रयत्न केल्याने गोष्ट दीर्घकाळ स्मरणात राहते. आमच्या मराठीत या कामाला ‘उजळणी’ असा सुंदर शब्द फार पूर्वीपासून आहे. भांडे एकदाच तासभर घासून वर्षभर लख्ख राहत नाही, हे तो शब्द घडविणाऱ्यांना ठाऊक होते.

इंग्लंडमध्ये २०२२ पासून आठ-नऊ वर्षांच्या मुलांची पाढ्यांची चाचणी सक्तीची झाली आहे : बारापर्यंतचे पाढे, २५ प्रश्न, प्रत्येकास सहा सेकंद. एका पुढारलेल्या देशाने या विषयाची अशी दखल घेतली याचा मी आदर करते, परंतु ते घड्याळ कृपा करून इकडे आणू नये. घड्याळ ही छडीचीच धाकटी बहीण आहे. आणि मोबाइलमध्ये गणकयंत्र असताना हा खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्यांस माझे उत्तर एवढेच, की शब्दकोश कपाटात आहे म्हणून कोणी मुलाला बोलावयास शिकविण्याचे थांबवीत नाही.

आता मी मूळ मुद्द्यावर येते, ज्यासाठी हे पत्र आहे. शाळेने पाढे सोडले तेव्हा ते नाहीसे झाले नाहीत. ते घरी गेले. ज्या घरी आई रात्री भाकऱ्या थापताना का होईना, मुलाला सात आठे विचारू शकते, ज्या घरी शिकवणीला पाठविण्याइतके पैसे आहेत, त्या घरची मुले पाढे शिकतच आहेत, आणि पाचवीत भागाकारही करीत आहेत. पण बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचे मूल, जे हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहते, किंवा कोयत्याबरोबर फडावरच जाते, त्याला संध्याकाळी कोण विचारणार? वीटभट्टीवरच्या, पाड्यावरच्या, शहरातील झोपडपट्टीतल्या, आईवडील दोघेही रात्री नऊला परतणाऱ्या मुलांना कोण विचारणार? त्यांचा परवचा शाळेत झाला नाही तर कोठेही होणार नाही. पाढे हा गृहपाठाचा विषय केला की आपण गणिताचा पहिला दरवाजा घराच्या ऐपतीनुसार उघडतो. समतेच्या नावाखाली ज्या पाठांतराला आम्ही वर्गाबाहेर काढले, त्याच्या अभावाचा सर्वांत मोठा भुर्दंड सर्वांत गरीब मुलाने भरला, आणि हे आम्ही जाणूनबुजून केले नसले तरी ते ऋण आमच्याच माथी आहे.

‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले, आणि तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान प्राप्त व्हावे यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरली. त्या मुदतीत बसणारे, विशेष खर्चाचे नसलेले एक काम मी आपल्याकडे मागत आहे. दुसरी ते पाचवीच्या वेळापत्रकात, परिपाठाखेरीज, गणिताच्या तासाखेरीज, रोज दहा मिनिटे केवळ अंकांच्या उजळणीसाठी राखून ठेवावीत : पहिल्या सहामाहीत बेरीज-वजाबाकीच्या जोड्या, पुढे पाढे. प्रत्येक वर्गाला पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांचा एक संच द्यावा, एका बाजूस प्रश्न व दुसऱ्या बाजूस उत्तर असलेला, म्हणजे दोन-दोन मुले आपसांतही विचारू शकतील. या दहा मिनिटांस गुण नसावेत, घड्याळ नसावे, आणि विशेष विनंती ही की त्यांची माहिती दररोज ऑनलाइन भरण्याचा तक्ता मुळीच नसावा, कारण तसा तक्ता आला की शिक्षकांची ती दहा मिनिटे तक्ता भरण्यातच जातील, हे मी अनुभवाने सांगते. शिक्षकांस एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे, आणि त्यात पाट्या कशा वर करावयाच्या व चुकलेल्या मुलाशी कसे बोलावयाचे एवढेच शिकवावे. हंगामी वसतिगृहांत हीच दहा मिनिटे संध्याकाळी व्हावीत.

त्या मुलीविषयी सांगावयाचे राहिले. दिवाळीपर्यंत, आठवड्यातील माझ्या दोन दिवसांत आणि तिच्या वर्गशिक्षिकेच्या उरलेल्या चार दिवसांत, आम्ही तिच्याकडून रोज दहा मिनिटे पाटी वर करवून घेतली. सुटीपूर्वीच्या शेवटच्या शनिवारी मी फळ्यावर पुन्हा तोच, ३९२ भागिले ७ हा भागाकार लिहिला. तिने डोळे मिटले नाहीत. छप्पन्न लिहून तिने बाकी शून्य मांडली आणि खाली, कोणी सांगितले नसताना, ५६ गुणिले ७ करून ताळा पाहिला.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा नव्या वेळापत्रकात ही दहा मिनिटे असावीत, ही आपणांस नम्र आणि कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका